भिंतीतली पोया

मागच्या अंकात एका वाचकाला मी दोन ओळींत उत्तर दिलं होतं: "सोप्याच्या भिंतीत शिरते ती बारीक काळी माशी म्हणजे पोया. तिला नांगी नसते, घाबरू नका." या दोन ओळींवर इतकी पत्रं आली की या वेळी दुसरा विषय घेणं शक्यच नाही. बत्तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं, पण कोल्हापूर आणि आसपासच्या इतक्या भिंतींत एवढं काही चाललंय याची मला कल्पना नव्हती. निवडक पत्रं घेते. नावं गाळली आहेत, गावं ठेवली आहेत.

आमचं घर गंगावेशीत, दगडमातीचं, आजोबांच्याही आधीचं. दाराच्या चौकटीशेजारी दगडाच्या सांध्यातून काळपट चिकट नळी बाहेर आली आहे, करंगळीएवढी. तोंडाशी चिलटांएवढ्या माश्या बसून असतात. गणपतीच्या आधी घराला रंग द्यायचा आहे. रंगारी म्हणतो सिमेंट भरून टाकू. भरू का?

नका भरू. मी भरून बसले होते, म्हणून सांगते.

आमच्या मंगळवार पेठेतल्या घरात देवडीच्या भिंतीत पोयाचं घर आहे. मी लग्न होऊन आले तेव्हाही होतं आणि सासूबाईंच्या म्हणण्यानुसार त्या आल्या तेव्हाही होतं. पाच वर्षांपूर्वी दिवाळीच्या रंगकामात मी रंगाऱ्याला म्हणाले, "भिंतीतली सगळी भोकं बुजवून टाका हो." प्राणिशास्त्राच्या बाईंनी सांगितलं म्हटल्यावर त्याने इमानेइतबारे सगळी बुजवली. दुसऱ्या दिवशी सकाळी पांढऱ्याशुभ्र पुट्टीवर शे-दीडशे माश्या नुसत्या चालत होत्या. आरडाओरडा नाही, डंख नाही. घराला कुलूप बघून माणसं दारात उभी राहतात ना, तशा. मी आंबाड्यातला आकडा काढून पुट्टी कोरायला बसले, मिस्टरांनी छिन्नी आणली. तासाभराने भोक मोकळं झालं आणि सगळ्या आत गेल्या. रंगाऱ्याने त्या दिवसाची मजुरी वाढवून मागितली, ती दिली. चूक माझीच होती.

तर तुम्ही एवढंच करा. नळीभोवती चार बोटं जागा सोडून रंग द्या. काम संध्याकाळी उरका, कारण अंधार पडला की सगळ्या आत असतात. नळी चुकून मोडली तर हळहळू नका, त्या पुन्हा बांधतात. ती नळी राळ आणि मेणाची असते. झाडाच्या सालीतून पाझरणारा चीक त्या मागच्या पायांवर वाहून आणतात आणि त्यात स्वतःचं मेण मळतात. तोंडाशी चिकटपणा ठेवतात तो मुंग्या अडवायला.

या मिश्रणाचा रंग काळपट असतो. सासूबाईंच्या फणेरपेटीत कुंकवाखाली लावायला मेण असायचं. त्यांच्या नणंदेने एकदा हौसेने भिंतीतलं मेण खरवडून दिलं. दिवसभर कपाळावर काळा डाग घेऊन त्या हिंडल्या आणि त्यानंतर पोयाचा विषय निघाला की नाक मुरडायच्या. मला राळ-मेणाचं मिश्रण शिकवायला याहून चांगलं उदाहरण कधी सापडलं नाही.

हो, एक सांगायचं राहिलं. नांगी नाही म्हणजे त्या अगदीच गरीब गाय नव्हेत. घर फोडलं तर केसांत, कानात, भुवयांत शिरतात आणि चावतात. चाव्याने जीव जात नाही, पण माणूस पळतो.

मी बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या नोट्समध्ये लिहिलंय: 'पोया ही मधमाशीची आदिम अवस्था असून तिच्यात नांगी अद्याप विकसित झालेली नाही.' तुम्ही लिहिलंत 'नांगी नसते'. दोन्ही एकच ना? परीक्षेत काय लिहू? (शाहूपुरी)

बाळ, हे वाक्य मला फार ओळखीचं वाटतंय. तुझ्या नोट्स ज्यांनी दिल्या त्यांनी ते त्यांच्या नोट्समधून घेतलं असणार, आणि कोण जाणे, ती वही माझ्याच वर्गात लिहिलेली असेल. सुरुवातीची किमान दहा वर्षं मी हेच सांगत होते. ते चूक आहे. दोन्ही एकच तर मुळीच नाही.

आधी नांगी म्हणजे काय ते बघ. तो मुळात अंडी घालण्याचा अवयव. त्याची पुढे विषाची सुई झाली. म्हणून कुठल्याच नर माशीला नांगी नसते, आग्याच्या नरालासुद्धा नाही. आता ही सुई मधमाशीने शोधली का? नाही. माश्या ज्यांच्यापासून झाल्या त्या शिकारी गांधिलमाश्यांकडे ती आधीपासून होती. तुझ्या घराच्या कोपऱ्यात मातीचं घरटं करणारी कुंभारीण पाहिली असशील. कोळ्याला नांगी मारून बधिर करते आणि पिल्लांसाठी भरून ठेवते. तसल्याच एका शिकारी घराण्यातल्या काहींनी दहा-बारा कोटी वर्षांपूर्वी मांसाहार सोडून परागकण धरले. त्या मधमाश्यांच्या पूर्वज. म्हणजे नांगी ही माशीपेक्षाही जुनी. ती पोयाकडे 'अद्याप आलेली नाही' असं म्हणायला जागाच नाही. आली होती आणि गेली. पोयाच्या कामकरी माशीचं पोट सूक्ष्मदर्शकाखाली उघड, टोकाशी नांगीचा खुंट दिसतो. टोचता येणार नाही एवढा आखूड. आपलं माकडहाड जसं शेपटीची आठवण म्हणून राहिलंय, तसा.

आता 'आदिम' या शब्दाकडे येऊ. मागच्या पायावर परागकणांची टोपली असलेले माश्यांचे आज चार गट आहेत. एक आपल्या आग्या, सातेरी, फुलोरी या मधमाश्यांचा. दुसरा हिमालयातल्या थंडीत हिंडणाऱ्या केसाळ गुबगुबीत माश्यांचा, ज्यांना बंबलबी म्हणतात. तिसरा अमेरिकेतल्या हिरव्या-निळ्या चकाकणाऱ्या ऑर्किड माश्यांचा. आणि चौथा पोयाचा, म्हणजे मेलिपोनिनी. (वासे पोखरणारा आपला काळा भुंगा यात येत नाही. दर वर्षी कोणीतरी उत्तरपत्रिकेत तो घुसवतंच.)

राणी, कामकरी, हजारोंची वसाहत, मधाचा साठा हे सगळं मधमाशीत आहे आणि पोयातही आहे. म्हणून या दोघी सख्ख्या बहिणी असणार असं बरीच वर्षं धरून चाललं होतं. दिसायला सरळ वाटतं. १९९३ मध्ये सिडनी कॅमेरॉन या संशोधिकेने डीएनएची तुलना केली तेव्हा पोयाच्या शेजारी बंबलबी येऊन बसली. शरीररचना पाहणाऱ्यांना ते पटेना. वाद पुष्कळ वर्षं चालला. पुढे शेकडो जनुकं एकदम तपासता येऊ लागली आणि पारडं त्याच बाजूला झुकलं: पोया आणि बंबलबी जवळच्या, मधमाशी वेगळ्या फांदीवर. याचा अर्थ फार मोठा आहे. मोठी वसाहत, एक राणी, हजारो कामकरी हा संसार मधमाशीने आपल्या परीने उभा केला आणि पोयाने आपल्या परीने. एकीने दुसरीची नक्कल केलेली नाही.

संसार वेगळा आहे हे आत डोकावलं की कळतं. मधमाशी म्हणजे खानावळ. अळीच्या खोलीचं दार उघडं, दाई-माश्या दिवसात कितीतरी वेळा येऊन वाढतात. पोया म्हणजे डबा. कामकरी माश्या खोली बांधतात, पातळ अन्नाने भरतात, राणी येते, त्यातलं थोडं चाखते, वर अंडं घालते आणि लगेच झाकण लागतं. आतलं पिल्लू तेवढ्यावर वाढतं. मेणसुद्धा बघ: मधमाशीला ते पोटाच्या खालच्या बाजूने सुटतं, पोयाला पाठीच्या बाजूने. आणि मधमाशी दिशा सांगायला नाचते तसा नाच पोयात नाही. तिच्या काही जाती वाटेत वासाचे थेंब ठेवत जातात.

किती जुन्या? अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात सापडलेल्या अंबरमध्ये, म्हणजे दगड झालेल्या राळेत, एक कामकरी माशी अडकलेली मिळाली. १९८८ मध्ये मिशनर आणि ग्रिमाल्डी यांनी तिचं वर्णन केलं. आज तिला क्रेटोट्रायगोना प्रिस्का म्हणतात. डायनोसॉरच्या अखेरच्या काळातली ही माशी, साधारण साडेसहा-सात कोटी वर्षांपूर्वीची, आणि दिसायला आजच्या पोयाची जणू मावशी. राळ गोळा करणारी माशी राळेतच अडकावी यात नवल नाही म्हणा.

आता गंगावेशीच्या वाचकांनी हे वाचा. तुमच्या भिंतीतला काळा दगड म्हणजे दख्खनचा लाव्हा. तो साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी ओतला गेला. ज्या सांध्यात माशी राहते तो दगड आणि त्या माशीचं घराणं जवळपास एकाच वयाचे आहेत.

परीक्षेत काय लिहायचं विचारलंस. 'नांगी ऱ्हास पावलेली आहे' असं लिही. मार्क कापले तर मला कळव, मी त्या परीक्षकांना पत्र लिहीन. ते बहुधा माझेच विद्यार्थी असतील.

आजऱ्याजवळ माझी काजूची बाग आहे. पोयाची तीन घरं ओंडक्यांत आहेत. एका शिबिरात सांगितलं 'ट्रायगोना इरिडिपेनिस', दुसऱ्यात सांगितलं 'टेट्रागोन्युला'. बागेत पर्यटक येतात, पाटीवर काय लिहू?

पाटीवर मोठ्या अक्षरात 'पोया' लिहा. खाली बारीक अक्षरात 'टेट्रागोन्युला' लिहा आणि तिथेच थांबा. का थांबायचं ते सांगते.

१८५४ मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या फ्रेडरिक स्मिथ यांनी श्रीलंकेहून आलेल्या माशीला ट्रायगोना इरिडिपेनिस हे नाव दिलं. इरिडिपेनिस म्हणजे इंद्रधनुषी पंखांची. उन्हात पंख बघा, नाव चपखल आहे. त्या काळात ट्रायगोना हे भलंमोठं एकत्र कुटुंब होतं. ब्राझीलची, बोर्निओची, सिलोनची, सगळ्या बारीक माश्या एकाच सातबाऱ्यावर. मग वाटण्या सुरू झाल्या. ब्राझीलमध्ये मौरे नावाचे पाद्री होते, आयुष्यभर माश्याच पाहिल्या त्यांनी. १९६१ मध्ये त्यांनी आशिया-आफ्रिकेकडच्या माश्यांची नव्याने मांडणी केली. टेट्रागोन्युला हे नाव त्या मांडणीतलं. मिशनर यांच्यासारख्या दिग्गजांनी मात्र ट्रायगोना मोठंच ठेवणं पसंत केलं. म्हणून तुमच्या दोन शिबिरांत दोन नावं.

भांडण मिटवलं पुन्हा डीएनएने. २०१० मध्ये रासमुसेन आणि कॅमेरॉन यांनी जगभरच्या जाती घेऊन वंशवृक्ष मांडला. त्यात तीन ठळक फांद्या निघाल्या: अमेरिकेची, आफ्रिकेची आणि आशिया-ऑस्ट्रेलियाची. आफ्रिकेची आणि आपली फांदी एकमेकींना जवळ, अमेरिकेची लांब. खरं ट्रायगोना अमेरिकेत राहिलं. आपल्या माशीला त्या नावाने हाक मारणं म्हणजे कोल्हापूरच्या पाटलाला आडनाव सारखं म्हणून खानदेशातल्या पाटलाच्या भावकीत घालणं. जगात पाचशेहून अधिक जाती आहेत, त्यातल्या बहुतेक अमेरिकेत. भारतात तीन प्रजाती: टेट्रागोन्युला, लेपिडोट्रायगोना आणि लिसोट्रायगोना. (शास्त्रीय मराठीत 'प्रजाती' वरची आणि 'जाती' खालची. वर्तमानपत्रं उलटंसुलटं करतात, आपण करू नये.)

मग 'इरिडिपेनिस' का लिहायचं नाही? कारण भारतात दिसेल त्या बारीक काळ्या माशीला शंभर-दीडशे वर्षं हेच नाव चिकटवलं गेलं. या माश्या एकमेकींसारख्या इतक्या दिसतात की नुसती कामकरी पाहून जात सांगणं धाडसाचं. नर पकडून त्याचे जननअवयव तपासावे लागतात, पाठीवरच्या केसांच्या रेघा पाहाव्या लागतात. माझ्या प्रयोगशाळेतल्या खोक्यावर मी स्वतः एकोणीस नमुन्यांना बेधडक इरिडिपेनिसची चिठ्ठी लावली होती. निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात बसून सगळ्या बदलल्या. आता तिथे 'टेट्रागोन्युला, जात तपासणे' असं आहे. शिपाईमामा म्हणाले, "बाई, जाताना काम वाढवून चाललाय."

भुदरगड तालुक्यात आमच्याकडे सातेरीच्या पेट्या आहेत. पाटगाव मधाचं गाव झाल्यापासून आमच्या वाडीतही उत्साह आहे. सातेरीचं करतो तसंच पोयाचं घर दोन भागांत करायला गेलो. राणी पानावर घेतली, तर ती उडेचना, नुसती सरपटत होती. मेली का काय चुकलं?

चुकलं एवढंच की पोयाला सातेरी समजलात. उडणं तिच्याच्याने होणारच नव्हतं. अंडी घालू लागलेल्या पोयाच्या राणीचं पोट इतकं फुगतं की पंख नावापुरते उरतात. ती त्या घरातून कधी बाहेर पडत नाही.

सातेरीत मोहोळ फुटतं तेव्हा जुनी राणी बाहेर पडते आणि भरलं घर लेकीला सोडते. पोयात लेक निघते. आणि कशी निघते बघा! आधी कामकरी नवी जागा हेरतात, फटी राळेने लिंपतात, मग जुन्या घरातून मेण आणि मध तिकडे वाहत राहतात. कुठे काही दिवस, कुठे कित्येक आठवडे. अगदी रुखवत मांडल्यासारखं. मगच कोवळी राणी तिकडे जाते. त्यामुळे नवं घर जुन्यापासून फार लांब नसतं. तुमच्या अंगणातली दोन-तीन घरं बहुधा मायलेकीच.

विभागणी करायचीच असेल तर जुन्या राणीला हात लावू नका. अंड्या-अळ्यांच्या खोल्यांचा झुपका बघा. त्यातल्या गडद खोल्या कोवळ्या, फिकट पिवळसर खोल्या पिकलेल्या, कारण आत कोश झाला की कामकरी वरचं मेण खरवडून नेतात. फिकट खोल्यांचा अर्धा झुपका नव्या पेटीत ठेवा. त्यात इतरांपेक्षा ठळक मोठी एखादी खोली हवीच, ती राणीची. मधाचे बुधले फुटू देऊ नका. सांडलेल्या मधावर आधी मुंग्या येतात, मग चिलटांसारख्या दुसऱ्याच माश्या अंडी घालतात आणि घर कुजतं. नवी पेटी जुन्याच्या जागी ठेवा आणि जुनी थोडी बाजूला, म्हणजे बाहेरून परतणाऱ्या माश्या नव्या पेटीला मिळतील.

पोयाचा मध महाग घेतला, आंबट निघाला. साखर घातली असेल का? (इचलकरंजी)

साखर घातली असती तर गोड लागला असता! पोयाचा मध आंबटसरच असतो. नेहमीच्या चांगल्या मधात पाणी वीस टक्क्यांच्या आत असतं, यात पंचवीस किंवा त्याहून जास्त. म्हणून तो पातळ असतो आणि बाहेर ठेवला तर आंबतो. फ्रिजमध्ये ठेवा. एका घरातून वर्षाला काही शे ग्रॅमच निघतो, तेव्हा महाग असणारच. उलट कोणी किलोकिलोने स्वस्त देत असेल तर संशय घ्या.

२०२० मध्ये मलेशिया आणि ऑस्ट्रेलियातल्या अशा माश्यांच्या मधात ट्रेहॅल्युलोज नावाची, रक्तात सावकाश उतरणारी साखर सापडली. तेव्हापासून 'मधुमेह्यांसाठी मध' अशी बाटल्यांवर चिठ्ठी दिसू लागली आहे. माझी स्वतःची साखर वाढलेली आहे. मी चमचाभरच घेते आणि तोही डॉक्टरांना सांगून. एक वर्षाच्या आतल्या बाळाला कुठलाच मध चाटवू नका, आजी कितीही म्हणाली तरी.

मी सातवीत आहे. दादा म्हणाला काही माश्या मटण खातात. आपल्या पोया पण तांबडा रस्सा खातात का? (कसबा बावडा)

दादा खरं बोलला! मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या पोयांच्या तीन जाती मेलेल्या प्राण्यांचं मांस खातात. १९८२ मध्ये डेव्हिड रुबिक यांनी पनामात त्यातली एक नीट अभ्यासली, ट्रायगोना हायपोजिया. त्या फुलांवर पराग गोळा करत नाहीत, म्हणून त्यांच्या पायावरची परागाची टोपलीही बारीक होऊन गेली आहे. जे वापरायचं सोडलं ते आटलं, नांगीसारखंच.

आपल्या पोया पूर्ण शाकाहारी. तांबडा रस्सा तुला लखलाभ. एक गंमत करून बघ. सकाळी आठ-नऊला शेवग्याच्या नाहीतर तुळशीच्या मंजिरीजवळ शांत बस. तांदळाच्या कणीएवढी काळी माशी येईल. तिचे मागचे पाय बघ. पिवळा भुसभुशीत गोळा दिसला तर तो पराग, पिल्लांच्या डब्याचा. तपकिरी आणि चकचकीत दिसला तर ती राळ, म्हणजे बाई घराच्या डागडुजीला निघाल्यात. तिच्यामागे हळू चालत जा आणि ती कुठल्या भिंतीत शिरते ते मला लिहून पाठव.